नावं नको, नोंद ठेवा

परवा भिशीला सगळ्या जमलो होतो. साबुदाणावडे झाले, चिठ्ठी निघाली, आणि चहा देता देता एकीचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "अगं, तुझा उजवा हात एवढा काळवंडलाय आणि डावा कसा काय गोरा?" मी जरा चाचरतच म्हटलं, "मी गोल्फ खेळते ना, डाव्या हातात ग्लोव्ह असतो." क्षणभर शांतता. मग जो काही हशा पिकला! "गोल्फ? या वयात? आणि तू?"

मैत्रिणींनो, त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की सिनेमातला कोट घातलेला शेठ आठवतो. नाशिकला गेलेल्यांना 'गोल्फ क्लब मैदान' ठाऊक असतं, पण तिथे लोक चालायला जातात, क्रिकेट बघायला जातात. गोल्फ आपल्यासाठी तेवढंच, नावापुरतं. मीही काही वेगळी नव्हते. हे लष्करातून निवृत्त झाले, आम्ही छावणीच्या गावात घर केलं आणि माझी शाळेतली गणिताची नोकरी संपली, म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझ्या हातात ती काठी आली. हा खेळ खर्चाचा आहे, सगळ्यांना परवडणारा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही सगळ्यांनी गोल्फ खेळा असं सांगायला मी हे लिहीत नाही. या खेळानं मला एक गोष्ट शिकवली, जी मी तीस वर्षं वर्गात दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते आणि माझ्या घरात मात्र विसरले होते. ती सांगायची आहे.

आधी खेळ थोडक्यात सांगते. मैदानात अठरा होल असतात. आमच्या मैदानात नऊच आहेत, दोनदा फिरलं की अठरा होतात. प्रत्येक होलची सुरुवात एका ठिकाणाहून होते आणि दोनशे-तीनशे पावलांवर, कधी त्याहून बरंच लांब, जमिनीत एक गोल भोक असतं. सव्वाचार इंच रुंद, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढं. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्यात घालायचा. चांगल्या खेळाडूला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं, त्याला 'पार' म्हणतात. अठरा होलचे मिळून बहुतेक ठिकाणी ७२. लांब मारायची काठी वेगळी, जवळची वेगळी, शेवटी हलकेच ढकलायची वेगळी. अशा जास्तीत जास्त १४ काठ्या पिशवीत ठेवता येतात. मोठ्या मैदानांवर भोकाभोवती मखमलीसारखं हिरवळीचं 'ग्रीन' असतं. आमच्यासारख्या पाणीटंचाईच्या गावात त्याऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचा सपाट गोल असतो, त्याला 'ब्राउन' म्हणतात. खेळून झालं की तो झाडून सारखा करायचा, अंगण झाडावं तसा.

आता यातली गंमत बघा. दीडशे पावलं उडालेला झोकदार फटका मोजायचा एक. आणि भोकाच्या काठावर थांबलेल्या चेंडूला बोटभर ढकललं तरी तोही एकच. हिशेबाच्या वहीत दोघांची किंमत सारखी.

तीन वर्षं मी नेमानं खेळत होते. सकाळी सहाला सलवार-कमीज, टोपी, बूट घालून बाहेर पडायचे. टिटव्या ओरडत असायच्या, हवा छान असायची. पण माझे फटके काही ११८-१२०च्या खाली येईनात. आणि सल्ले? ते तर फुकट! हे म्हणायचे, "तू मान वर करतेस." यांचे एक मित्र म्हणायचे, "वहिनी, तुमची पकडच चुकते." दुसरे म्हणायचे, "बायकांचा जोरच कमी पडतो हो." क्लबातल्या एक बाई म्हणायच्या, "तुझं पटिंग कच्चं." पटिंग म्हणजे ते शेवटचं ढकलणं. मी सगळ्यांचं ऐकायचे. एका आठवड्यात मान सांभाळायची, दुसऱ्या आठवड्यात पकड. शेवटी मनात एकच वाक्य उरायचं, आपला खेळच वाईट आहे.

हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? आपल्यापैकी बहुतेकींनी ते वेगवेगळ्या रूपांत ऐकलेलं असतं. हिची भाकरी जाड, हिचा आवाज मोठा, हिला बँकेतलं काही कळत नाही, हिला माणसं सांभाळता येत नाहीत. आपल्याकडे याला छान शब्द आहे, नावं ठेवणं. नावं ठेवणारा कधी सांगत नाही की नक्की कुठे बिघडलं, किती वेळा बिघडलं. तो आपला सगळ्या बाईवरच शिक्का मारून मोकळा होतो. आणि ऐकून ऐकून आपणही तो शिक्का स्वतःच मारून घेतो.

माझ्याकडून आणखी एक चूक होत होती. सराव करायला गेले की मी काय करायची? मोठी काठी काढायची आणि लांब लांब मारत बसायची. त्या काठीला 'ड्रायव्हर' म्हणतात. नीट बसला की फटक्याचा आवाज इतका छान येतो की आजूबाजूचे वळून बघतात. जे बरं येतं तेच पुन्हा पुन्हा करायला कुणाला आवडत नाही? पुरणपोळी छान जमणारी बाई पाहुणे आले की पुरणपोळीच करते. न जमणाऱ्या पदार्थाच्या वाटेला जात नाही.

मग एक दिवस पाचव्या होलला माझी फजिती झाली. पहिला फटका सुरेख, दुसरा त्याहून बरा. चेंडू ब्राउनपासून वीस पावलांवर. पुढचा फटका मारला तर काठी आधी जमिनीत, चेंडू दोन फूट सरकला. त्यापुढचा चेंडूच्या डोक्यावर बसला. चेंडू ब्राउनवरून सुळकन पलीकडे बाभळीत. तिथून परत या बाजूला. एकूण नऊ! हे लांबून ओरडताहेत, "मान! मान वर केलीस!" मी काठी पिशवीत आदळली. पिशवी उचलणारा आमचा कॅडी वयानं मोठा आहे, मी त्याला मामा म्हणते. तो हळूच म्हणाला, "मॅडम, लांबचा मार बरोबर पडतोय तुमचा. जवळ आलं का घाबरता." मला वाटलं, चला, आता यानंही नावं ठेवली.

त्या संध्याकाळी शिकवणीच्या एका मुलाची चाचणी तपासत होते. चाळीसपैकी बावीस. मी खाली लाल शाईनं लिहिलं, "रीत बरोबर. कंस सोडवताना उणे चिन्ह विसरतोस. याच प्रकारची दहा गणितं कर." आणि लिहिता लिहिता थांबले. या पोराला मी "तुझं गणित कच्चं" असं म्हटलं नाही. त्याचे अठरा गुण कुठे कुठे गेले ते शोधलं. मग स्वतःच्या बाबतीत मी असं का नाही करत?

घरात दुधाच्या हिशेबाची जुनी वही होती. तिच्या मागच्या पानांवर रकाने आखले. प्रत्येक फेरीचे फटके चार भागांत मोडायचे. एक, सुरुवातीपासून ब्राउनच्या पन्नास पावलांच्या आत येईपर्यंतचे. दोन, त्या पन्नास पावलांतले. तीन, ब्राउनवर ढकलण्याचे. चार, दंडाचे, म्हणजे चेंडू हरवला, नाल्यात गेला की वाढतात ते. नियम एकच केला, होल संपला की तिथेच लिहायचं. घरी येऊन आठवून लिहिलं की मन लबाडी करतं, नको ते विसरतं आणि लागलेलं दुप्पट करून सांगतं. आणि दहा फेऱ्या होईपर्यंत निकाल काढायचा नाही.

दहा फेऱ्यांची सरासरी आली ११८. पन्नास पावलांच्या आत येईपर्यंत ३८. ब्राउनवर ४१. दंड ६. आणि मधल्या त्या पन्नास पावलांत ३३!

मी आकड्यांकडे बघतच राहिले. अठरा होल, म्हणजे त्या टप्प्यात प्रत्येकी एक फटका पुरायला हवा. अठराच्या जागी तेहतीस म्हणजे पंधरा जास्तीचे. ब्राउनवर प्रत्येक होलला दोन धरले तर छत्तीस, तिथे जास्तीचे फक्त पाच. मानेचा, पकडीचा, बायकांच्या जोराचा कुणाचाच अंदाज बरोबर नव्हता. मामा मात्र बरोबर होता. तो रोज माझ्यामागे चालत होता आणि बघत होता. त्यानं नावं ठेवली नव्हती, नोंद ठेवली होती. मीच ओळखलं नाही.

मग त्या एकाच गोष्टीच्या मागे लागले. मोठी काठी कपाटात. परसात एक घमेलं ठेवलं आणि दहा, पंधरा, वीस पावलांवरून छोट्या काठीनं त्यात चेंडू टाकायला सुरुवात केली. रोज तीस. तेव्हा कळलं की मी काठी मागे भरपूर नेते आणि चेंडूजवळ आल्यावर भीतीनं हात आखडते. लांब जाईल की काय, ही भीती. उपाय असा की मागे कमी न्यायची आणि पुढे न थांबता जायचं. पहिल्या आठवड्यात घमेल्यात तीसपैकी दोन पडले आणि शेजारच्यांच्या तुळशीची कुंडी फुटली. नवी आणून दिली. चौथ्या महिन्यात तीसपैकी नऊ-दहा पडायला लागले, बाकीचेही आसपास राहायला लागले.

पुढच्या दहा फेऱ्यांची सरासरी १०५. लांबचे तेवढेच, ३८. पन्नास पावलांतले ३३ चे २५. दंड ६ चा ४. आणि ब्राउनवरचे ४१ चे ३८, ज्याचा मी एक दिवसही वेगळा सराव केला नव्हता! कारण सोपं आहे. चेंडू भोकाच्या जास्त जवळ येऊन पडायला लागला, मग ढकलायचं अंतर कमी झालं. खरी दुखरी जागा सापडली की तिच्या शेजारचं दुखणंही थोडं कमी होतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी जवळच्या फटक्यांचाच सराव करावा का? नाही! इथेच तर खरी गोम आहे. गोल्फमध्ये जुना समज आहे की लांबचा फटका दाखवायला आणि शेवटचं ढकलणं पैसे मिळवायला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी हजारो फेऱ्यांतले फटके मोजून २०१४ साली पुस्तक लिहिलं. त्यांचा हिशेब उलटा निघाला. चांगल्या आणि कच्च्या खेळाडूंमधल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या लांब फटक्यांत असतो! मग माझं खोटं की त्यांचं? दोन्ही खरं. त्यांचा आकडा पुष्कळांच्या बेरजेचा आहे, माझा माझ्या वहीतला. शेजारणीच्या गुडघ्याला लागू पडलेलं औषध माझ्या कंबरेला लावून कसं चालेल? आपली कच्ची जागा आपल्याच नोंदीत सापडते.

आणखी एक गोष्ट वहीनं दाखवली. काही कच्च्या जागा दुरुस्त होतात, काहींना वळसा घालायचा असतो. सातव्या होलला मध्ये नाला आहे. एका फटक्यात तो ओलांडण्याइतकी ताकद माझ्या हातात नाही आणि साठीकडे झुकताना ती येणारही नाही. पण तीन वर्षं मी दर वेळी प्रयत्न करायची, कारण बाकीचे करतात. दंडातले बरेचसे तिथलेच होते. आता नाल्याच्या अलीकडे थांबते, दुसऱ्या फटक्यात ओलांडते. कमीपणा कसला त्यात? आपली बंगळुरूची अदिती अशोक आठवते ना? टोकियो ऑलिंपिक, २०२१ साल. पिशवी उचलायला तिची आईच सोबत होती. बरोबरीच्या मुली तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारत होत्या. ती मात्र जवळच्या खेळावर आणि ब्राउनवर, तिथे अर्थात ग्रीनवर, टिकून राहिली आणि चौथी आली. पदक एका फटक्यानं हुकलं. तिला आपली ताकद कुठे आहे आणि कुठे नाही, दोन्ही ठाऊक होतं.

बायकांना काय जमतं आणि काय नाही, हे या खेळात तरी बरीच वर्षं दुसऱ्यांनीच ठरवलं. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं माहेरघर. तिथे १८६७ साली बायकांचा क्लब निघाला तो फक्त हलकेच ढकलण्याचा. खांद्याच्या वर हात नेऊन फटका मारणं बाईला शोभत नाही, असा तेव्हाचा समज. तिथल्या मोठ्या क्लबानं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ साली. मधली जवळजवळ दीडशे वर्षं बायका दारातच. हात वर करू द्यायचा नाही आणि मग म्हणायचं, यांना लांब मारता येत नाही!

या खेळातला एक नियम मात्र मला फार आवडतो. हौशी खेळाडूची पातळी 'हँडिकॅप' या आकड्यानं ठरते, म्हणजे त्याला किती फटक्यांची सवलत मिळायची ते. २०२० पासून जगभर एकच पद्धत सुरू झाली. त्यात शेवटच्या २० फेऱ्या बघतात आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ धरतात. वाईट दिवस येणारच, हे धरून चालतात. आपल्याला घरात कसं मोजतात? वीस दिवस स्वयंपाक छान झाला, एकविसाव्या दिवशी भात लागला, की पुढे वर्षभर त्या भाताचीच गोष्ट. आणि खरं सांगू? आपणही आपल्या माणसांना तसंच मोजतो.

हे लिहिताना हात अडखळतोय, पण लिहायलाच हवं. गेल्या दिवाळीत लेक माहेरी आली होती. मी कौतुकानं तिला वही दाखवली, रकाने, सरासरी, सगळं. ती शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "आई, हे तू माझ्या दहावीत का नाही केलंस?" मला काही सुचेना. ती दहावीत असताना सहामाहीला तिला गणितात कमी गुण पडले. गणिताच्या बाईंच्या मुलीला कमी गुण! स्टाफरूममध्ये काय म्हणतील, याचंच मला जास्त. मी तिला म्हटलं होतं, "तुला गणिताचं डोकंच नाही." पेपर उघडूनसुद्धा बघितला नाही. शाळेतल्या कितीतरी मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी चुकीची ओळ शोधली, आणि माझ्या पोरीच्या बाबतीत सगळ्या पोरीवर शिक्का मारला. तिनं अकरावीला गणित सोडलं. आज ती तिच्या कामात छान आहे, सुखात आहे. पण बँकेचं व्याज काढायचं असलं की अजूनही नवऱ्याला फोन करते. "मला नाही जमत," म्हणते. ते वाक्य तिचं नाही, माझं आहे.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं." आपल्या मुली पटकन 'जाऊ दे' म्हणतात. पण ती परत निघाली तेव्हा नातीच्या दप्तरातली गणिताची वही माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हिचे गुण कुठे जातात ते जरा बघशील?" आता दर रविवारी फोनवर आमचा दोघींचा तास असतो. नातीचं अपूर्णांकात अडतं. छेद सारखे करायला ती विसरते. तेवढंच आहे. बाकी सगळं येतं तिला.

तर मैत्रिणींनो, तुमच्या हातात गोल्फची काठी नसेल. पण काहीतरी असेलच. बॅडमिंटन असेल, कॅरम असेल, पेटीवरचा राग असेल, शिवणाचं मशीन असेल, चारचौघांत बोलणं असेल. त्यात 'मला जमत नाही' असं वाटत असेल तर एक शंभर पानी वही घ्या. कामाचे तीन-चार तुकडे पाडा. प्रत्येक वेळी, तिथल्या तिथे, कुठे अडलं ते लिहा. जे बरं झालं तेही लिहा, नाहीतर ती पुन्हा नावं ठेवायचीच वही होईल. दहा वेळा लिहून झाल्याशिवाय निकाल देऊ नका. मग सगळ्यात जास्त जिथे जातं ती एकच जागा धरा, बाकीच्यांना थांबायला सांगा. आणि जी दुरुस्त होणारच नाही, तिला वळसा घाला.

आणि घरात कुणाला, मुलीला, सुनेला, अगदी नवऱ्यालासुद्धा, "तुला जमतच नाही" असं म्हणायला तोंड उघडलं, तर आधी विचारा, "नक्की कुठे अडतंय?" बहुतेक वेळा उत्तर फार छोटं असतं.

उद्या सकाळी मी आहेच मैदानावर. पुढचं लक्ष्य शंभर. हे अजूनही लांबून "मान!" म्हणून ओरडतात. मी वही पुढे करते आणि विचारते, "कितव्या रकान्यात लिहू?"